गाण्याची खूण राखणारी वाद्ये

एखादे गाणे लोकांच्या स्मरणात राहते ते कशाच्या बळावर, असा प्रश्न केल्यास बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. कोणी शब्दांचे नाव घेतो, कोणी चालीचे, आणि बहुसंख्य लोक गायकाच्या गळ्याचे. परंतु घराच्या आतल्या खोलीत बसलेल्या माणसास रस्त्यावरून येणारे गाणे पुष्कळदा शब्द कानी पडण्यापूर्वीच ओळखू येते. संबळाचे चार ठोके ऐकू आले की कोणाकडे तरी गोंधळ उभा राहिला आहे, पहाटे चिपळ्यांचा नाद आला की वासुदेव आळीत शिरला आहे, डिमडी आणि घोळ एकदम वाजू लागले की जेजुरीच्या खंडेरायाचे वाघ्यामुरळी आले आहेत, हे समजण्यास एकही शब्द लागत नाही. गाण्याची ही खूण पटवून देणारी वाद्ये मात्र संगीताच्या दरबारात अगदी खालच्या पायरीवर बसलेली आढळतात. वीणा, सतार, मृदंग, तबला यांवर ग्रंथ झाले, त्यांची घराणी झाली, त्यांच्या वादकांची चरित्रे निघाली. तुणतुणे, डिमडी, चौंडके, हलगी, घुमट यांच्या वाट्यास ‘साथीची वाद्ये’ एवढाच उल्लेख आला. त्यांचा इतिहास पाहू गेल्यास तो केवळ नादाचा राहत नाही. ती वाद्ये ज्यांच्या हाती होती त्या माणसांचाही तो इतिहास होतो. तो काहीसा गोड व पुष्कळसा कडू आहे.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जो रस्ता जातो त्यावर सुकापूर लागते. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, हे गाव आता पनवेल शहराच्या वाढत्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले आहे. या टापूतील आगरी लग्नांमध्ये संगीताची दोन टोके एकाच मांडवात भेटतात. एका टोकास धवलारीण असते. लग्नाचा विधी सांगणारी ही स्त्री धवले गाते, आणि त्या गाण्याचा सारा भार तिच्या कंठावर असतो. ‘धवळे’ हा शब्द मराठीत किती जुना आहे हे पाहावयाचे असेल तर तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबा हिच्याकडे जावे लागते. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर तिने रचलेले धवळे मराठीतील स्त्रीरचित काव्याचा पहिला मोठा ठेवा होय. दुसऱ्या टोकास हळदीच्या रात्री वाजणारा बेंजो असतो, आणि त्याचा जन्म विसाव्या शतकातला, तोही परदेशातला. सातशे वर्षांचे अंतर असलेली ही दोन टोके ध्यानात ठेवली, म्हणजे त्यांच्या मधल्या काळात लहान वाद्यांनी महाराष्ट्रात कोणकोणती कामे केली ते पाहणे सोपे जाते.

शास्त्रकारांनी या वाद्यांची उपेक्षाच केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. भरताने नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले; तारांची, फुंकून वाजविण्याची, कातड्याने मढविलेली आणि धातूवर धातू आपटून वाजविण्याची अशी ही वाटणी आहे. तीत मोठे-लहान असा भेद नाही. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, परंतु ग्रंथ सिद्ध झाला तो महाराष्ट्राच्या भूमीवर. त्या ग्रंथाच्या सहाव्या म्हणजे वाद्याध्यायात पटह, हुडुक्का यांसारख्या कातड्याच्या वाद्यांची मापे, ती मढविण्याची रीत आणि त्यांवर हात कसा टाकावयाचा याचे तपशील त्याने बारकाईने दिले आहेत. राजदरबारच्या पंडितास जे मोजावेसे वाटले, ते पुढील काळातील सुशिक्षितांस पुष्कळदा मोजावेसे वाटले नाही, एवढाच यातला फरक.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे तुणतुणे. याच्याइतके साधे वाद्य शोधून सापडावयाचे नाही. लाकडाचे किंवा पत्र्याचे एक नळकांडे घ्यावे, त्याचे तळ कातड्याने मढवावे, कातड्यास छिद्र पाडून त्यातून तार वर घ्यावी, नळकांड्याच्या बाजूस ठोकलेल्या वेळूच्या दांडीवरील खुंटीला ती गुंडाळावी, की तुणतुणे तयार झाले. सूर एकच, परंतु कातडे ताणाखाली मागेपुढे होत असल्यामुळे त्या सुराला एक प्रकारची थरथर येते. पोवाडा गाणारा शाहीर डफावर थाप मारून कथा पुढे नेतो, आणि त्याच्या मागे उभा राहून ‘जी जी’ची झील धरणारा साथीदार तुणतुण्यावर तो एकच सूर अखंड धरून ठेवतो. शाहिराचा आवाज कथेच्या आवेशात कितीही वरखाली गेला तरी परतावयाचे घर कोठे आहे हे त्यास त्या तारेवरून कळते. जे काम बैठकीत तंबोरा करतो तेच काम उघड्या मैदानात तुणतुणे करीत आले. एकास मखमलीची गवसणी मिळाली आणि दुसऱ्यास खांद्यावरची झोळी मिळाली.

अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालीन मानला जातो. म्हणजे ही परंपरा निदान साडेतीनशे वर्षांची आहे. या पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ साली निघाला. तो सिद्ध केला हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी. ॲकवर्थ हे मुलकी खात्यातील इंग्रज अधिकारी, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गोंधळी व शाहीर यांच्या तोंडची कवने मिळवून त्यांनी व शाळिग्रामांनी ती नष्ट होण्यापासून वाचविली, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. परंतु छापखान्याच्या खिळ्यांत शब्द बसले. तुणतुण्याचा सूर, डफाची थाप, झीलकऱ्याची ओढ ही कागदावर उतरावयाची नव्हती, आणि उतरली नाहीत. शाळेतल्या मुलांच्या पुढे पोवाडा आला तो वाचावयाचा पाठ म्हणून. ज्या मुलाने तो मैदानात ऐकला होता त्यास त्या पाठातले काय हरवले आहे हे कोणी सांगावे लागले नसेल.

एवढ्याशा वाद्याचा आवाज हजारोंच्या गर्दीतून पार कसा होतो, याचे कारण शास्त्रीय आहे. मनुष्याचा कान सर्व नादांस सारखाच तीक्ष्ण नसतो. सेकंदास सुमारे दोन हजार ते पाच हजार कंपने असलेल्या नादांस तो सर्वांत अधिक संवेदनशील असतो. झांज, टाळ, चिपळ्या, तुणतुण्याची आखूड तार, हलगीचे तापवून ताणलेले कातडे यांच्या नादातील पुष्कळसा अंश याच टापूत पडतो. म्हणून मोठ्या ढोलाचा घुमारा अंगास जाणवतो, पण गाण्याची नेमकी ओळख कान या तीक्ष्ण नादांवरून करतो. शिवाय ठोक्याचा आरंभ जितका अचानक, तितका तो मनात रुततो. वाजविणाऱ्यांनी हे कंपनांचे गणित कधी मांडले नसेल. पिढ्यान् पिढ्या गर्दीत उभे राहून त्यांनी ते अनुभवाने जाणले.

देवकार्यातील वाद्यांची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे वाद्य नुसती साथ करीत नाही. ते देवतेचे चिन्ह होऊन बसते. गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई अशा दोन शाखा आहेत. पहिली तुळजापूरच्या भवानीची, दुसरी माहूरच्या रेणुकेची. दोघांचेही मुख्य वाद्य संबळ. लहानमोठी अशी दोन कातडी भांडी एकत्र जखडून ती कमरेला बांधावयाची आणि दोन काठ्यांनी वाजवावयाची. त्यांपैकी एका काठीचे टोक वाकविलेले असते, आणि त्या वाकड्या टोकामुळेच संबळाचा तो विशिष्ट घुमणारा, घासटून निघणारा बोल उमटतो. खंडोबाच्या वाघ्याच्या हातात डिमडी असते. हे ओंजळीत मावेल एवढे एकमुखी वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. मुरळी घोळ वाजविते. यल्लम्माच्या जोगतिणीपाशी चौंडके असते. त्याची रचना तुणतुण्याची चुलतबहीण म्हणावी अशी आहे. मढविलेल्या कातड्यातून निघालेली तात काखेतल्या पिंपाशी धरून एका हाताने ताणावयाची व दुसऱ्या हाताने छेडावयाची. ताण वाढविला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो; त्यामुळे चौंडके ताल धरता धरताच बोलल्यासारखे वाटते. ज्याने ते एकदा ऐकले, त्यास त्याबरोबरचे गाणे पुन्हा दुसऱ्या कोणत्याही साथीवर ऐकताना चुकल्यासारखे वाटते.

काही वाद्यांनी तर आपल्या नावाने माणसांच्या जमाती ओळखविल्या. डौर म्हणजे डमरूच्या जातीचे वाद्य वाजवून भिक्षा मागणारे ते डवरी गोसावी. लहान डमरूसारखे कुडमुडे वाजवीत पहाटे भविष्य सांगणारे ते कुडमुडे जोशी. पुढे शहरी बोलण्यात ‘कुडमुड्या’ हा शब्द भोंदू किंवा अर्धवट ज्ञानी या अर्थाने रूढ झाला, हे भाषेच्या इतिहासातले एक लहानसे क्रौर्य म्हटले पाहिजे. वाद्याच्या आवाजावरून माणसास नाव दिले गेले, आणि माणसाच्या दारिद्र्यावरून त्या नावास हीन अर्थ चिकटला. ज्यांच्या गाण्याने घरातील मुले जागी होत, त्यांचे नाव त्याच घरांत उपहासाला वापरले जाई.

येथे या विषयातील खरी अडचण पुढे येते. लहान वाद्यांविषयी आज जिव्हाळ्याने बोलणारे लोक पुष्कळ आहेत; परंतु ती वाद्ये अमुक हातांतच का होती, हे विचारणारे थोडे. हलगीचे उदाहरण घ्यावे. लाकडाच्या किंवा धातूच्या कड्यावर कातडे ताणून केलेली ही हलगी वाजविण्यापूर्वी विस्तवावर शेकावी लागते. मग डाव्या खांद्याला अडकवून एक जाड व एक बारीक अशा दोन काठ्यांनी ती वाजवितात. तमाशाच्या आरंभी ढोलकी आणि हलगी यांची जी चढाओढ लागते, ती ऐकून बसलेला प्रेक्षक सावरून बसतो. कुस्तीच्या फडात हलगी थांबली तर मल्लांचा जोर ओसरेल असे वाटते. एवढा मान असलेले हे वाद्य गावगाड्यात मात्र बहुधा मातंगांच्या व इतर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्यास आले, कारण मेलेल्या जनावराच्या कातड्यास हात लावणे इतरांस कमीपणाचे वाटे. ज्याच्या तालावर गाव नाचे, त्यास देवळाच्या पायरीवर चढता येत नसे. मिरवणुकीच्या पुढे चालणे हा त्याचा मान नव्हता. तो त्याच्यावर लादलेला वेठीचा भाग होता, आणि मोबदला म्हणून बलुत्याचे दाणे किंवा उरलेले अन्न मिळे.

सुकापूर ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील महाड येथे मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस व शिळे अन्न यांचा त्याग करून स्वाभिमानाने राहण्याचा उपदेश केला. १९५६ साली नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा झाल्यावर अनेक गावांतील नवदीक्षितांनी मेलेली जनावरे ओढण्याबरोबरच सणावारी व लग्नात वाजविण्याचे परंपरागत कामही सोडले. त्यापायी काही ठिकाणी बहिष्कार सोसावा लागला, रोजगार बुडाला. संगीताच्या रसिकाने या घटनेकडे ‘एक परंपरा नष्ट झाली’ अशा हळहळीने पाहणे हे अपुऱ्या समजुतीचे लक्षण होय. वाद्य खाली ठेवण्याचा हक्क ज्यास नाही त्याचे वादन ही कला खरी, पण ती बंदिवानाची कला.

मजा अशी की, वाद्यांनी स्वतः कोणत्याच पक्षाशी सोयरीक केलेली नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांचे जलसे तमाशाच्याच घाटाने उभे राहिले. पुढे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. रचना ओळखीची, झील ओळखीची. परंतु गणातील स्तुती, गौळणीतील थट्टा आणि वगातील कथा यांचा रोख पालटला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. मुंबईच्या गिरणगावात व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या डफाची थाप घुमली. ज्या आवाजाने पूर्वी सरदारांचे पराक्रम सांगितले, त्याच आवाजाने कामगारांची गाऱ्हाणी सांगितली. लोकांस नवा विचार परका वाटला नाही, याचे अर्धे श्रेय त्या ओळखीच्या नादास द्यावयास हवे. स्वेच्छेने हाती घेतलेले वाद्य आणि गळ्यात अडकविलेले वाद्य यांतील अंतर या एका बदलात दिसून येते.

असाच पेच जोगतीण व मुरळी यांच्या बाबतीत उभा राहतो. लहान मुलगी देवाला वाहिली जाई आणि मग तिच्या हातात चौंडके किंवा घोळ येई. त्या गाण्यातील आर्तता ऐकणाऱ्यास मोहविते. पण ती कोणत्या किंमतीस विकत घेतलेली होती हे विसरून चालणार नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्याने ही प्रथा निपटून काढण्यासाठी २००५ साली अधिक व्यापक कायदा केला. २००९ साली आलेला ‘जोगवा’ हा चित्रपट याच जीवनावर आहे. त्यातील अजय-अतुल यांच्या संगीतास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रथा जावी आणि नाद राहावा, हे शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात सापडत नाही. ते पुढची पिढी हे वाद्य कोणत्या नात्याने हाती घेईल यावर अवलंबून आहे.

दक्षिणेस गोमंतकात घुमटाने याच प्रकारच्या एका अडचणीतून मार्ग काढला. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठे तोंड मढवावयाचे, लहान तोंड उघडे. एका हाताने कातड्यावर थाप आणि दुसऱ्या हाताने उघडे तोंड कमीअधिक झाकून आतील हवेचा घुमारा पालटावयाचा. हिंदूंच्या आरत्यांत शामेळ व कासाळे यांच्या संगतीत ते वाजते, आणि ख्रिस्ती घरांतील मांडो गीतांत व्हायोलिनच्या जोडीलाही तेच वाजते. धर्म दोन, भाषेचा थाट निराळा, पण मडके एक. या मडक्यास पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले, आणि घुमट वाजविणारा कायद्याच्या कचाट्यात सापडला. कारागिरांनी मग बकऱ्याचे कातडे लावून पाहिले. नादात फरक पडला असे जुनी मंडळी म्हणतात. तरीही वाद्य जगले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. परंपरा टिकते ती कातड्याच्या जातीवर नव्हे, वाजविणाऱ्याच्या इच्छेवर, हे घुमटाने दाखवून दिले.

लहान वाद्यांस हिणविण्याची रीत आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये. तुर्की सैन्याच्या बाजातील झांजा व मोठा पडघम अठराव्या शतकात युरोपच्या वाद्यवृंदांत शिरले. त्रिकोणी सळई, म्हणजे ट्रँगल, हीदेखील त्याच तुर्की थाटात गणली जाई. मोझार्टने १७८२ च्या आपल्या एका संगीतिकेत त्यांचा खुबीने उपयोग केला. पुढे फ्रान्झ लिस्ट याने आपल्या पहिल्या पियानो-कंचेर्टोत ट्रँगलला स्वतंत्र बोल दिला. १८५५ साली वायमार येथे त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा पियानोवर स्वतः लिस्ट आणि वृंदाचा नायक बर्लिओझ होता. व्हिएन्नाचा प्रख्यात टीकाकार हान्सलिक याने त्या रचनेस ‘ट्रँगलचा कंचेर्टो’ म्हणून हिणविले. टीकाकाराची थट्टा इतिहासात जमा झाली. त्या सळईचा किणकिणाट आजही त्या रचनेची खूण म्हणून ओळखला जातो.

विसाव्या शतकात यंत्रे आली आणि लहान वाद्यांच्या नशिबाने नवे वळण घेतले. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रणात कर्ण्यासमोर गावे लागे. मोठ्या कातड्याच्या वाद्यांचा खालचा नाद तबकडीवर नीट उमटत नसे. १९२५ पासून विजेवरील ध्वनिग्रहण सुरू झाले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र उघडले. ध्वनिक्षेपकासमोर वाद्याचा आकार महत्त्वाचा राहिला नाही; बोटभर लांबीची किणकिण जवळून टिपली तर ती मृदंगाच्या बरोबरीने ऐकू येऊ लागली. बोलपटांनी याचा पुरेपूर लाभ घेतला. कुडाळ भागातील सोनवडे येथे जन्मलेले वसंत देसाई यांनी ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या आणि ‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या बोलपटांस संगीत दिले, तेव्हा शाहिरी परंपरेचा नाद चित्रगृहातील खुर्चीवर बसलेल्या शहरी कुटुंबांपर्यंत पोहोचला. ज्या घरांतील वडील माणसे तमाशाच्या कनातीकडे पाहतही नसत, त्या घरांतील मुले तोच ठेका टेबलावर बोटांनी वाजवू लागली.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पुढे अशा साथीदारांची एक फळीच उभी राहिली. पारशी समाजातील कावस लॉर्ड यांनी बाँगो-काँगोसारखी परदेशी तालवाद्ये हिंदी चित्रसंगीतात रुळविली. त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड यांनी तोच वारसा पुढे चालविला. गोमंतकातील दत्ताराम वाडकर यांचा ढोलकावरील एक ठेका वादकांच्या वर्तुळात ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच प्रसिद्ध झाला. ठेक्याला वाजविणाऱ्याचे नाव मिळावे, हा अपवादच. तबकडीच्या गोल कागदावर गायकाचे, संगीतकाराचे व चित्रपटाचे नाव असे. ज्याच्या दोन ठोक्यांनी ते गाणे घरोघर ओळखले जाई, त्याच्या नावास त्या वर्तुळात जागा नव्हती. झीलकऱ्याच्या वाट्याला जे मैदानात आले होते, तेच त्याच्या शहरी भावाच्या वाट्याला ध्वनिमुद्रणगृहात आले.

आता बेंजोकडे वळावे. मुंबई, ठाणे आणि रायगड या भागांत ज्यास बेंजो म्हणतात, तो अमेरिकेतील बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो नावाच्या कारागिराने टंकलेखन यंत्राच्या कळांची कल्पना घेऊन तारांचे एक वाद्य बनविले. त्या वर्षी सुरू झालेल्या तैशो राजवटीवरून त्यास तैशोगोतो असे नाव पडले. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या असतात. डाव्या हाताने कळ दाबली की तार तेथे दबते व सूर ठरतो, उजव्या हातातील नखीने ती छेडावयाची. स्वस्त, सुटसुटीत आणि शिकावयास सोपे असे हे वाद्य व्यापाराच्या वाटेने हिंदुस्थानात आले, येथे बुलबुल तरंग झाले. बलुची लोकांत त्यास बेंजू म्हणतात. मुंबईकडे त्यास विजेची जोड मिळाली. तारांचा कंप कर्ण्यांतून बाहेर पडू लागला आणि घरातल्या करमणुकीचे हे खेळणे मिरवणुकीचे मुख्य वाद्य होऊन बसले.

सुकापूर-पनवेलच्या बाजूस हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या विसर्जनास बेंजोचे पथक येते तेव्हा गायक असलाच पाहिजे असे नाही. ढोल, ताशे आणि अलीकडचे ऑक्टोपॅड ताल धरतात, बेंजो कोळीगीताची चाल वाजवितो, आणि शब्द जमलेल्या माणसांच्या मनात आपोआप उमटतात. लहान वाद्याच्या सामर्थ्याची याहून मोठी साक्ष कोणती? मात्र याच वाद्याने एक प्रश्नही आणला आहे. कर्ण्यांचा आवाज जेथे चढतो तेथे धवलारणीचा विनासाथ कंठ ऐकू येणे कठीण. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकास बंदी घातली आहे. पण सरकारी नियम शांतता देतो, श्रोते देत नाही. तेराव्या शतकापासून चालत आलेला शब्द आणि विसाव्या शतकात आलेली पेटी यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. एकाच मांडवात सकाळची वेळ एकीस व रात्रीची वेळ दुसऱ्यास देण्याइतका समंजसपणा मांडव घालणाऱ्यांनी दाखविला, म्हणजे पुरे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान वाद्य गाण्यास अविस्मरणीय करते ते आपल्या गुणाने. परंतु ते स्वतः टिकते की नाही, हे ते वाजविणाऱ्यास समाज कसे वागवितो यावर ठरते. जेथे वाद्य जातीचे ओझे झाले तेथे ते टाकून देणे हाच पुरुषार्थ ठरला. जेथे ते आवडीने, मोबदल्याने व मानाने हाती आले, तेथे घोरपडीचे कातडे गेले तरी मडके वाजत राहिले आणि जपानची पेटी आगऱ्या-कोळ्यांची झाली. तुणतुण्याची, डिमडीची, चौंडक्याची गोडी ज्यांस जपावयाची आहे त्यांनी वाद्ये संग्रहालयाच्या काचेत ठेवून भागणार नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाच्या नावाखाली तुणतुणेवाल्याचे नाव छापावे, हलगी वाजविणाऱ्यास इतर वादकांच्या रांगेत खुर्ची द्यावी, त्याचा मोबदला ठरवून द्यावा. यास फारसा खर्च येत नाही. घरात बसून ज्याच्या ठोक्यावरून गाणे ओळखले, त्याचे नावही ओळखीचे असावे, एवढीच ही अपेक्षा आहे.